त्रेचाळिसावा हात

“मनुष्यजातीच्या इतिहासात क्रांत्या तीनच झाल्या. पहिली, विस्तव सापडला तेव्हा. दुसरी, चाक सापडलं तेव्हा. आणि तिसरी आज, या क्षणी, माळसावंगी नगरपरिषदेच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या आवारात होते आहे. बंधुभगिनींनो, आजपासून माणसाचा हात पृथ्वीच्या पाठीवर कुठंही पोचेल!”

एवढं बोलून प्रमुख पाहुण्यांनी हात वर केला आणि माईक बंद पडला.

पिन निघाली होती. पाहुण्यांच्या पायापासून ती दीड फुटावर होती. पण पाहुण्यांचा, मुख्याधिकाऱ्यांचा, कंपनीच्या इंजिनिअरचा, कुणाचाच हात तिथवर पोचेना. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी मागच्या रांगेतून वॉलमन अंकुशमामा गवारे उठले, वाकून पिन खोचली आणि परत जागेवर जाऊन बसले. तिसरी क्रांती पुढं सुरू झाली.

अंकुशमामांनी एकतीस वर्षं हेच केलं होतं. जे जिथं निघालंय ते तिथं जाऊन बसवायचं. माळसावंगीत नळाला पाणी चौथ्या दिवशी येतं, एका गल्लीला चाळीस मिनिटं. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, कमरेइतकी लांब लोखंडी चावी आत सोडायची, आटे फिरवायचे आणि घड्याळाकडं बघत उभं राहायचं. चाळीस म्हणजे चाळीस. एका नगराध्यक्षांच्या घरी जावळाचा कार्यक्रम होता, तेव्हा त्यांनी ‘मामा, पाचच मिनिटं’ म्हणून माणूस पाठवला. मामांनी त्या माणसाला आपल्या बाटलीतलं पाणी प्यायला दिलं आणि एक्केचाळिसाव्या मिनिटाला आटे आवळले. मामांची बदली करायचं बरेच दिवस घाटत होतं. पण वॉलमनची बदली करणार कुठं? पाण्याशिवाय दुसरं काही पाईपातून येत नव्हतं.

घरीही तोच नियम. मामांच्या बायकोची, चंद्रकलाकाकूंची, दोन वाक्यं ठरलेली होती. एक सकाळचं: “पोचलात की फोन करा.” केंद्र धरणाच्या रस्त्याला सहा किलोमीटरवर, आणि मामांची स्कूटर मामांच्या वयाची. मामांनी कधी फोन केला नाही. दुसरं वाक्य संध्याकाळचं.

“अहो, साऱ्या गावाची चावी तुमच्या खांद्यावर. आपल्या गल्लीला दहा मिनिटं जास्तीची नाही का जमत?”

“नाही.”

“शनिवारपुरती?”

“शनिवारची मिनिटं काय स्वस्त असतात?”

तर यंत्राचं नाव ‘दूरहस्त’. कल्पना साधी. गावातले सगळे वॉल्व्ह, पंप आणि पाण्यात सोडायचा क्लोरिन, हे सगळं केंद्रातल्या एका संगणकाला जोडायचं आणि त्या संगणकाचा पडदा जगात कुठल्याही फोनवर उघडायचा. तिकडं बोट सरकलं की इकडं आटा फिरतो. यात नवीन काही नव्हतं. घरी बसून ऑफिसचा संगणक चालवणारे कारकून मागच्या पिढीतही होते. नवीन होतं ते कुलूप. पासवर्ड लोक विसरतात, नाहीतर भिंतीवर लिहून ठेवतात. म्हणून शास्त्रज्ञांनी हाताचा कंप पकडला. हात कितीही स्थिर धरला तरी तो सेकंदाला आठ ते बारा वेळा बारीक थरथरत असतो. मज्जातंतूंची लय, स्नायूंचा ताण, बोटांचं वजन, सगळ्यांची मिळून ती थरथर. डोळ्यांना दिसत नाही, पण काचेच्या पाटीवर चाळीस सेकंद हात ठेवला की पाटीला कळते. दोन माणसांची सारखी नसते. ती चोरता येत नाही, विसरता येत नाही आणि भिंतीवर लिहिता येत नाही, असं कंपनीच्या पत्रकात छापलं होतं. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी खऱ्या होत्या.

केंद्रात हजर असणारा एकमेव माणूस म्हणून मामांच्या हाताचा नमुना घ्यायचं ठरलं. नेमकं त्याच आठवड्यात मामांच्या उजव्या तर्जनीला नखुरडं झालं होतं. ठणका असा, की रात्र बसून काढावी. काकूंनी लिंबाला भोक पाडून बोट त्यात खुपसून दिलं होतं.

“मामा, हे लिंबू काढा,” कंपनीचा इंजिनिअर श्रेयस म्हणाला.

“काढलं की ठणकतं.”

श्रेयसला चारची गाडी गाठायची होती. “राहू द्या मग,” तो म्हणाला, आणि माळसावंगीचा जलपुरवठा लिंबासकट नोंदला गेला.

नखुरडं आठ दिवसांत बरं झालं. नवव्या दिवशी मामांनी पाटीवर मोकळा हात ठेवला, तर यंत्र गोड आवाजात म्हणालं, “हा हात ओळखीचा नाही.”

बोटाला वजन लावलं की थरथरीची लय मंदावते, हे शरीरशास्त्राच्या पुस्तकात आहे. श्रेयसने ते वाचलं नव्हतं, यंत्राला आपोआप कळलं होतं. यंत्राच्या लेखी अंकुश गवारे म्हणजे तर्जनीला पन्नास ग्रॅमचं लिंबू असलेला इसम.

“नमुना परत घ्यायचा तर नवीन टेंडर निघावं लागेल, मामा,” श्रेयस फोनवर म्हणाला. “तोवर लिंबू लावत जा ना.”

एकतीस वर्षं खांद्यावर चावी टाकून जाणारा माणूस खिशात लिंबू टाकून जाऊ लागला. लिंबू लावलं की यंत्र म्हणायचं, “नमस्कार, अंकुशजी.” मामा आजूबाजूला बघून घ्यायचे. एवढ्या वर्षांत नगरपरिषदेत त्यांना कुणी ‘जी’ म्हटलं नव्हतं, आणि आता म्हटलं ते लिंबाला.

इकडे मुख्याधिकारी वडगावकर साहेब राहायचे जिल्ह्याच्या गावी. त्यांना प्रश्न पडला, मामा रजेवर गेले तर? मामा एकतीस वर्षांत रजेवर गेले नव्हते, पण प्रशासनाला दूरदृष्टी लागते. श्रेयसने मामांच्या हाताची एक प्रत काढून साहेबांच्या फोनवर टाकली. फाइलचं नाव, ‘मामांचा हात फायनल’.

आता गंमत अशी, की पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. हात बदलता येत नाही. आणि हाताची एकदा फाइल झाली की ती लग्नपत्रिकेसारखी पुढं पाठवता येते. साहेबांनी ती पाणीपुरवठा सभापतींना दिली. सभापतींनी नगरसेवक गजूशेठ तौरांना दिली. गजूशेठनी मेव्हण्याला, मेव्हण्याने भिशीच्या ग्रुपवर. कंपनीला लांबून दुरुस्ती करता यावी म्हणून ‘दूरहस्त’चं दार चोवीस तास उघडं होतं. हात ओळखीचा असला की तो कुठून आलाय आणि त्याच्यामागं माणूस कोण आहे, हे विचारणं यंत्राला बहुधा असभ्य वाटत असावं. एक सावधगिरी मात्र ठेवली होती. केंद्रातल्या मूळ पाटीवर हात पडला की त्या हाताची प्रत असलेल्या प्रत्येक फोनवर पाण्याचा थेंब पडल्यासारखा आवाज व्हायचा, ‘टुबुक’, आणि खाली ओळ यायची: ‘आपण केंद्रात प्रवेश केला आहे.’ ही चोरीची सूचना आहे, असं कंपनीचं म्हणणं. ज्यांच्या फोनवर ती वाजायची ते रोज सकाळी म्हणायचे, “मामा पोचले वाटतं,” आणि चहा घ्यायचे.

मामांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की दिवाळीपासून खालच्या गल्ल्यांतल्या टाक्या रस्त्यावर वाहत होत्या, आणि टेकडीच्या माथ्यावरच्या वस्तीत नळ नुसता फुसफुसत होता. माथ्यावरच्या पारूबाई रिकामी घागर घेऊन थेट केंद्रावर आल्या.

“मामा, आमची चाळीस मिनिटं कुनी नेली?”

मामांनी पडद्यावर नोंदी उघडल्या. ‘अंकुश गवारे यांनी बदल केला. अंकुश गवारे यांनी बदल केला.’ खालपर्यंत तेच.

“म्या नाही केलं, पारूबाई.”

“नाव तर तुमचं दिसतंय.”

पारूबाई तेवढंच म्हणाल्या आणि घागर उचलून चालायला लागल्या. मामांना ते शब्द त्या जुन्या नखुरड्याहून जास्त ठणकले. त्यांनी नगरपरिषदेत तीन लेखी तक्रारी दिल्या. तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं: ‘सदर बदल अंकुश गवारे यांच्या हाताने झालेले असल्याने आपली तक्रार पुढील कार्यवाहीसाठी अंकुश गवारे यांच्याकडे वर्ग करण्यात येत आहे.’

घरी मात्र शांतता होती. दिवाळीच्या भिशीपासून काकूंनी दहा मिनिटांचा विषय काढणं सोडून दिलं होतं. सकाळचं ‘पोचलात की फोन करा’ही बंद झालं होतं. मामांना वाटलं, एकतीस वर्षांनी का होईना, तत्त्व घरात पोचलं.

एप्रिलात लिंबं मिळेनाशी झाली. त्या दिवशी काकू म्हणाल्या, “आज लिंबू नाही हो घरात.” लिंबू नाही म्हणजे केंद्रात मामा कुणीच नाहीत. ते धरणाकडच्या जाळीत अडकलेलं शेवाळ काढायला गेले. अकराच्या सुमारास गजूशेठच्या घरी मुलीची हळद होती आणि नळ बारीक झाला होता. फोनच्या पडद्यावर पाण्याची पट्टी आणि क्लोरिनची पट्टी शेजारीशेजारी होत्या. माणसाचा अंगठा किती रुंद असतो, हे ज्याने ती रचना केली त्याने बहुधा कधी बघितलं नसावं.

मामा जाळीवरून परतले तेव्हा केंद्राच्या फाटकातच त्यांचे डोळे चुरचुरायला लागले. क्लोरिन आठपट झाला होता. पाटीवर हात ठेवला. “हा हात ओळखीचा नाही.” पुन्हा ठेवला. “हा हात ओळखीचा नाही.” मग मामांनी यंत्राला जी शिवी दिली, ती कुठल्याही नोंदीत नाही. त्यांनी खांद्यावरचा पंचा पाण्यात बुडवून तोंडाला गुंडाळला, कोपऱ्यात गंजत पडलेली लोखंडी चावी उचलली, क्लोरिन गॅसच्या खोलीत शिरले आणि जुनं चाक बारा आटे फिरवून बंद केलं. बाहेर येऊन ते पायरीवर बसले आणि अर्धा तास खोकत राहिले.

गावात एकोणीस जण दवाखान्यात गेले. घसे भाजले, उलट्या झाल्या. कुणी दगावलं नाही, कारण माळसावंगीत नळाचं पहिल्या पाच मिनिटांचं पाणी कुणी पीत नाही. त्यानं अंगण धुतात.

नोंद स्पष्ट होती. ‘११.१०, अंकुश गवारे: पाणी वाढवले. ११.१०, अंकुश गवारे: क्लोरिन आठपट.’ आणि ११.२२ ला? काही नाही. लोखंडी चाकाला नोंद ठेवता येत नाही. ज्या हाताने केलं नाही त्याचा पुरावा होता, आणि ज्या हाताने वाचवलं त्याचा नव्हता. संध्याकाळी मामा निलंबित झाले. दुसऱ्या दिवशी पेपरात दोनशे चौदा बदलांची यादी छापून आली, मामांच्या फोटोसकट.

तीन आठवडे मामा घरात येरझाऱ्या घालत होते.

“माफी मागून मोकळे व्हा ना,” काकू कणीक मळता मळता म्हणाल्या. “चुकून झालं म्हणावं. दोन वर्षं राहिलीत नोकरीची.”

“कशाची माफी? एकतीस वर्षांत कुणाला एक मिनिट नाही दिलं. तुला नाही दिलं!”

“ते काय मला माहीत नाही?”

“आणि हे बघ, किती हरामखोर माणसं आहेत. यादीत आपल्या गल्लीचंही नाव आहे. दर शनिवारी दहा मिनिटं! मी घरच्यांची सोय बघतो असं दिसावं म्हणून कुणीतरी मुद्दाम केलंय.”

काकूंचा हात परातीत थांबला. मग त्यांनी कणकेला पाण्याचा हात लावला आणि पुन्हा मळायला सुरुवात केली. कणीक त्या दिवशी फार सैल झाली.

चौकशीला मुंबईहून उपसचिव रेहाना काझी मॅडम आल्या. नगरपरिषदेचं सभागृह भरलं होतं. केंद्रातली काचेची पाटी पुराव्यादाखल उचलून आणून टेबलावर जोडली होती. मामांनी रात्री जागून अकरा पानांचं निवेदन लिहिलं होतं. निघताना काकूंनी कापडी पिशवीतून एक लिंबू काढून दाखवलं.

“मिळालं बाई एकदाचं. एकच आहे. परत आणायचंय, दुपारी मटकीला लागेल.”

त्या मागच्या बाकावर बायकांत जाऊन बसल्या, आणि लिंबू मामांच्या खिशात गेलं.

वडगावकर साहेब आधी बोलले. “मॅडम, यंत्राची अचूकता दहा हजारांत नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव आहे. हात मामांचाच आहे.”

“गवारे, तुमचं काय म्हणणं आहे?”

“मॅडम, मी पाटीवर हात ठेवू?”

मामांनी हात ठेवला. चाळीस सेकंद गेले. “हा हात ओळखीचा नाही,” यंत्र म्हणालं.

मॅडमनी श्रेयसकडं पाहिलं. श्रेयसनं छताकडं पाहिलं.

“आता बघा,” म्हणून मामांनी खिशातून लिंबू काढलं, भोकात तर्जनी घातली आणि हात पुन्हा ठेवला.

“नमस्कार, अंकुशजी.”

आणि त्याच क्षणी सभागृहात पाऊस पडायला लागल्यासारखा आवाज झाला. टुबुक. टुबुक टुबुक. टुबुक. दारावर ‘मोबाईल बंद ठेवा’ अशी पाटी होती आणि तिचा नेहमीसारखाच मान राखला गेला होता. साहेबांच्या खिशात टुबुक, सभापतींच्या हातात टुबुक, भिशीच्या अख्ख्या रांगेत टुबुक. पेपरात बातमी देणाऱ्या वार्ताहराच्या शर्टातही टुबुक.

“हा काय आवाज आहे?” मॅडमनी विचारलं.

श्रेयसनं खाली मान घालून सांगितलं.

“अहो, मी फक्त पाणी वाढवलं होतं,” गजूशेठ कुणी न विचारताच ओरडले, “ते शेजारचं कधी सरकलं मला कळलंसुद्धा नाही!”

मग मामा बोलले. अकरा पानं हातातच राहिली.

“मॅडम, माझं घर फोडलं असतं तर मी पोलिसात गेलो असतो. यांनी माझा हात नेला. दुधाच्या पिशवीसारखा घरोघर वाटला. माथ्यावरच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन माझ्या दारात आल्या आणि मला म्हणाल्या, नाव तुमचं आहे. यांनी एकानंही सांगितलं नाही की हात आमच्या फोनमध्ये आहे म्हणून. मी गॅसमध्ये शिरलो तेव्हा हे हळदीचं जेवत होते. मला काही नको. फक्त नावं लिहा. एकूण एक. एकही सोडू नका. कुणाची आई असो, कुणाचा बाप असो.”

मागे उभ्या असलेल्या पारूबाईंनी पदर तोंडाला लावला. मॅडमनी शिपायाला परात आणायला सांगितली. एकेक जण उठला, नाव सांगून फोन परातीत ठेवत गेला. कारकुनानं लिहिली ती नावं बेचाळीस भरली.

“पडद्यावर त्रेचाळीस प्रती दिसतायत,” श्रेयस म्हणाला.

“पुन्हा हात ठेवा, गवारे.”

मामांनी लिंबाचा हात पुन्हा ठेवला. परातीत बेचाळीस थेंब एकदम पडले, सगळे तिकडं बघत होते. मामा मात्र सभागृहाकडं तोंड करून उभे होते. मागच्या बाकावरून, कापडी पिशवीच्या तळातून, रुमालात गुंडाळल्यासारखा एक थेंब पडला. काकूंनी पिशवी पोटाशी घट्ट धरली होती.

मामांना दिवाळी आठवली. शनिवारचा भरलेला हंडा आठवला. आणि रोज सकाळी स्कूटर काढताना पाठीमागून न आलेलं ते वाक्य आठवलं. तिनं विचारायचं सोडलं, कारण तिला घरबसल्या कळत होतं, माणूस पोचला म्हणून.

“बेचाळीसच वाजले,” मॅडम म्हणाल्या. “त्रेचाळिसावा कुठं आहे, गवारे? तुम्हाला काही कल्पना?”

मामांनी घसा साफ केला.

“तो माझा, मॅडम.”

“तुमच्याकडं तर साधा फोन आहे.”

“फोन नाही, हात. यांचे सगळ्यांचे मोजले, माझा पण मोजा की. खरा आहे म्हणून वगळायचा का?”

लोक हसले. श्रेयस काही बोलायला तोंड उघडत होता, पण मामांनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्याला चारची गाडी आठवली. मॅडमनी क्षणभर मामांकडं, मग मागच्या बाकांकडं पाहिलं आणि कारकुनाला म्हणाल्या, “लिहा, त्रेचाळीस.” एकतीस वर्षांत मामांनी कुणाला दिलेलं ते पहिलंच जास्तीचं मिनिट.

पुढचं भराभर झालं. ‘दूरहस्त’ बंद. मामा त्याच दिवसापासून कामावर, लोखंडी चावीसह. माथ्यावरच्या वस्तीला आधी पाणी. बेचाळीस जणांवर गुन्हे, कंपनीला नोटीस. पाटी, संगणक आणि फोन सील झाले. लिंबूही पुरावा म्हणून पाकिटात गेलं, त्यावर लाख लावायला शिपायानं काडी पेटवली.

“गवारे,” मॅडम खुर्चीतून अर्धवट उठत म्हणाल्या, “तुमच्यावर मोठा अन्याय झाला. शासनाच्या वतीनं मी दिलगिरी व्यक्त करते. तुम्हाला आणखी काही म्हणायचं असेल तर बोला, शब्द न शब्द रेकॉर्डवर येईल.”

मामांनी अकरा पानांची घडी घालून खिशात ठेवली. मागच्या बाकाकडं एकदा पाहिलं.

“काही नाही मॅडम. ते लिंबू तेवढं परत मिळालं तर बरं होईल. घरी मटकी केलीय.”